बल आणि गतीचे नियम: पोरं आणि पालक सारखं विचारतात ते प्रश्न

जून लागला की फोनवर तेच तेच डाउट यायला लागतात. नववीच्या पोरांचे वेगळे, अकरावी-सीईटीवाल्यांचे वेगळे, आणि मधूनच एखादे पालक रात्री दहाला मेसेज टाकतात, "सर हे खरंच असं असतंय का ओ". प्रत्येकाला वेगळं टाइप करून बोटं दुखली म्हणून सगळं एका जागी लिहून ठेवतोय. सोपं वर आहे, डोकं खाणारं खाली. एकच सवय लावून घ्या: बल दिसलं की आधी विचारायचं, कोणी लावलं आणि कोणावर लावलं. या दोन्हीची नावं सांगता आली नाहीत तर ते बल नाहीच, खोडून टाका. खालचे निम्मे प्रश्न एवढ्यावरच सुटतात.

१. बल म्हणजे नक्की काय? जोर, ताकद, पॉवर सगळं एकच ना?

बोलताना एकच, फिजिक्समध्ये नाही. एका वस्तूनं दुसरीला ढकललं नाहीतर ओढलं की ते बल. म्हणजे बलाला दोन पार्ट्या लागतातच, देणारा आणि घेणारा. "पैलवानात लई बल आहे" हे तालमीत ठीक, पेपरात नको. पैलवानाकडं बल लावायची क्षमता आहे, बल स्वतः त्याच्यात भरून ठेवलेलं नसतंय. मोजायचं न्यूटनमध्ये: १ किलोच्या वस्तूचा वेग दर सेकंदाला १ मीटर प्रति सेकंदानं वाढवणारं बल म्हणजे १ न्यूटन. अंदाज पाहिजे असेल तर पाव किलोचं डाळिंब तळहातावर ठेवा, ते हाताला साधारण अडीच न्यूटननं खाली दाबतंय. पॉवर म्हणजे शक्ती, ती वॅटमध्ये, तो वेगळा धडा.

२. वस्तुमान आणि वजन यात फरक काय? दुकानदार तर वजन किलोतच सांगतो.

दुकानदाराला सांगू द्या, त्याच्याशी भांडू नका. वस्तुमान म्हणजे वस्तूत द्रव्य किती, ते किलोत, आणि ते सोलापुरात, दिल्लीत, चंद्रावर सगळीकडं तेवढंच. वजन म्हणजे पृथ्वी त्या वस्तूला किती बलानं ओढते ते, म्हणून न्यूटनमध्ये. ५० किलोच्या ज्वारीच्या पोत्याचं वजन ५० × ९.८ = ४९० न्यूटन. चंद्रावर वजन साधारण सहावा भाग होईल पण ज्वारी ५० किलोच राहील, आणि पोतं आडवं ढकलून वेगात आणायचं म्हटलं तर तिथंही इथल्याइतकंच जड जाईल, फक्त उचलायला हलकं. हे शेवटचं वाक्य पोरं ऐकून घेतात आणि विसरतात, आणि सीईटीला नेमकं तेच येतंय.

३. पहिला नियम तर सरळ खोटा वाटतो. हातगाडी ढकलायची थांबवली की थांबतेच की! मग "गतिमान वस्तू गतिमानच राहते" कसं काय?

ही शंका चांगल्या चांगल्यांना होती. हजारो वर्षं लोक असंच मानायचे की चालू ठेवायला ढकलत राहावंच लागतंय, गॅलिलिओनं उतारावरून गोळे सोडून सोडून ते मोडून काढलं आणि न्यूटननं १६८७ साली ते नियम म्हणून पहिल्या नंबरला लिहिलं. हातगाडी थांबते ती "ढकलणं संपलं" म्हणून नाही, तर चाकं, आस आणि रस्ता तिला मागं खेचत असतात म्हणून. मंगळवार बाजारातल्या खड्ड्यात ती दोन पावलांत थांबेल, तीच गाडी तेलपाणी करून गुळगुळीत काँक्रीटवर सोडा, लांब जाईल. मागं खेचणारं सगळंच काढून टाकलं तर थांबायला कारणच उरत नाही. व्हॉयेजर १ हे यान १९७७ ला सोडलं, ते अजून पुढं चाललंय आणि त्यासाठी इंजिन पेटतं ठेवावं लागत नाही.

४. यंत्रमागावरचा धोटा (आडवा धागा नेणारी शटल) एवढ्या जोरात जातो, मधल्या प्रवासात त्याला कोण ढकलत असतंय? आमच्या घरी माग आहेत, वडील म्हणतात त्याच्यात जोर भरलेला असतो.

हा प्रश्न सोलापुरातच येऊ शकतो, आणि मला तो फार आवडतो. (आता बिनधोट्याचे रॅपियर माग आले, पण जुना शटलचा माग अजून ज्यांच्या घरी आहे त्यांनी एकदा शेजारी उभं राहून नीट बघाच, कान मात्र झाका.)

बघा काय होतंय. धोटा पेटीत निवांत बसलेला. पिकर त्याला फटका मारतो, तो फटका जेमतेम वीतभर अंतरात संपतो. पिकरचा संबंध तिथंच तुटला. पुढं ताण्याच्या उघडलेल्या धाग्यांमधून धोटा पलीकडच्या पेटीपर्यंत जातो तेव्हा त्याला पुढं ढकलणारं कोणीच नसतंय. प्रश्न विचारा: पुढं ढकलणारं बल कोणी लावलं? नाव सांगता येत नाही. म्हणजे नाही. उलट खालची पट्टी, फणी, सुटणारा धागा आणि हवा त्याला थोडं थोडं मागंच ओढतात. तो जातो कारण त्याला वेग मिळालाय आणि वेग तसाच राहायला बल लागत नाही. वडिलांचा "भरलेला जोर" म्हणजे पुस्तकातला संवेग, वस्तुमान गुणिले वेग. तो धोट्याजवळ असतो हे खरं, पण संवेग म्हणजे बल नव्हे. "जोर संपला म्हणून थांबला" हे वाक्य तेवढं सोडा.

आकडे घालून बघू. समजा धोटा ४०० ग्रॅमचा, वेग १२ मीटर प्रति सेकंद, फटका २० सेंटिमीटरभर. त्वरण (दर सेकंदाला वेग किती बदलतो ते) = १२ × १२ ÷ (२ × ०.२) = ३६० मीटर प्रति सेकंद वर्ग. बल = ०.४ × ३६० = १४४ न्यूटन, म्हणजे साधारण पंधरा किलोचं ओझं पेलायला लागतं तेवढं, तेही एका सेकंदाच्या तिसाव्या भागात. आणि हे सरासरी बल झालं, मधला सगळ्यात मोठा झटका याच्याहून जास्त. पलीकडच्या पेटीत तेवढाच संवेग परत काढून घ्यायचा असतो, म्हणून दोन्ही टोकाला खाट्-खाट्. थांबवायला वेळ कमी मिळाला की बल वाढतं, ते प्रश्न १२ मध्ये आहे.

५. दुसरा नियम, बल = वस्तुमान × त्वरण, यात कुठलं बल घालायचं? गणितात तर चार-चार दिलेली असतात.

सगळ्यांची दिशेसकट बेरीज करून जे उरतं ते, म्हणजे निव्वळ बल. निम्म्या चुका इथंच. गाडीला तुम्ही २०० न्यूटननं पुढं ढकलताय, घर्षण १५० न्यूटन मागं ओढतंय, तर सूत्रात ५०. वस्तुमान १०० किलो असेल तर त्वरण ०.५. आणि ढकलणं बरोब्बर १५० केलं तर? त्वरण शून्य, पण गाडी थांबणार नाही, जो वेग होता त्याच वेगानं चालत राहील. निव्वळ बल शून्य म्हणजे वस्तू स्थिर, असं लिहिलं की मी अर्धा मार्क कापतोच.

६. वर फेकलेला बॉल सगळ्यात वर एक क्षण थांबतो, तेव्हा त्याच्यावरचं बल शून्य ना?

नाही. वेग शून्य, बल तेवढंच. पृथ्वी काय चहा प्यायला जात नाही त्या क्षणी. बल खरंच शून्य झालं असतं तर बॉल तिथंच लटकून राहिला असता.

७. तिसरा नियम म्हणतो क्रिया आणि प्रतिक्रिया समान आणि विरुद्ध, मग बैलगाडी हलतेच कशी? दोन्ही कटतात की!

सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न, दर वर्षी, न चुकता.

कटायला दोन्ही बलं एकाच वस्तूवर लागतात. बैल गाडीला पुढं ओढतो, हे बल गाडीवर. गाडी बैलाला तेवढ्याच बलानं मागं ओढते, हे बैलावर. माझ्या खात्यात जमा झालेले पैसे आणि तुमच्या खात्यातून गेलेले पैसे, रक्कम एकच, पण म्हणून माझ्या खात्यात शून्य होत नाही.

आता एकेक वस्तू वेगळी काढा. बैल खुरांनी जमिनीला मागं रेटतो, जमीन बैलाला पुढं रेटते, समजा ६०० न्यूटन. गाडी त्याला ४०० नं मागं ओढते. बैलावर उरले २०० पुढच्या दिशेला. गाडीवर बैलाचे ४०० पुढं, चाकांचा विरोध २०० मागं, उरले २०० पुढं. दोघांचं वस्तुमान ४००-४०० किलो धरलं तर दोघांचं त्वरण ०.५, जुळलं की नाही. म्हणजे बैलगाडी खऱ्या अर्थानं पुढं रेटणारी जमीन आहे. पावसात काळ्या मातीचा चिखल झाला की तोच तगडा बैल जागच्या जागी पाय घासतो, ताकद तेवढीच, पण जमीन पुढं रेटायला तयार नाही.

८. टेबलावरचं पुस्तक: वजन खाली आणि टेबलाचं बल वर, ही क्रिया-प्रतिक्रियेची जोडी ना? क्लासच्या नोट्समध्ये तसंच आहे.

नोट्स चुकल्यात, खोडा. दोन्ही बलं पुस्तकावरच लागतात, आणि जोडीतली दोन बलं कधीच एका वस्तूवर नसतात (प्रश्न ७). खऱ्या जोड्या अशा: पृथ्वी पुस्तकाला ओढते – पुस्तक पृथ्वीला ओढतं. पुस्तक टेबलाला दाबतं – टेबल पुस्तकाला वर रेटतं. या शेवटच्या बलाला अभिलंब बल म्हणतात. ते वजनाइतकं झालंय ते फक्त पुस्तक स्थिर आहे म्हणून, दुसऱ्या नियमानं. तिसऱ्याचा संबंध नाही. टेबल लिफ्टमध्ये ठेवा, दोन्ही आकडे लगेच वेगळे होतील, ते पुढच्या प्रश्नात.

९. लिफ्ट वर जाताना आपण जड होतो आणि खाली येताना हलके, बरोबर?

अर्धवट बरोबर. वर-खाली बघू नका, त्वरण कुठल्या दिशेला ते बघा. ६० किलोचा माणूस वजनकाट्यावर उभा, वजन ५८८ न्यूटन. लिफ्ट सुटताना वरच्या दिशेला १ मीटर प्रति सेकंद वर्ग त्वरण असेल तर काट्यानं त्याला ५८८ + ६० = ६४८ न्यूटननं वर रेटलं पाहिजे, काटा ६६ किलो दाखवेल. मधले मजले सारख्या वेगानं जाताना परत ६०. आणि वर पोचून लिफ्ट थांबायला लागली की त्वरण खाली, काटा ५४, अजून वर जात असतानाच! खाली येताना याच्या उलट. दोरी तुटली तर काटा शून्य, पण पृथ्वीची ओढ ५८८ च असते. अंतराळवीर तरंगतात तेही याच कारणानं, तिथं गुरुत्वाकर्षण नाही म्हणून नव्हे.

१०. घर्षण नेहमी गतीच्या विरुद्ध दिशेला असतं ना?

पाठ केलेलं हे वाक्य अर्धवट आहे. घर्षण विरोध करतं ते दोन पृष्ठभाग एकमेकांवर *घसरण्याला*. टेम्पोच्या हौद्यात चादरींचे गठ्ठे ठेवलेत आणि टेम्पोनं वेग घेतला. गठ्ठ्यांना पुढं कोण नेतंय? ड्रायव्हरनं त्यांना हात लावलेला नाही. हौद्याची फळी घर्षणानं त्यांना पुढं ओढते, म्हणजे घर्षण गतीच्याच दिशेला. चालताना पण तेच, पाय मागं रेटतो, फरशी घर्षणानं आपल्याला पुढं ढकलते. ओल्या फरशीवर ते कळतंच.

टेम्पोचं गणित करून घ्या, पेपरात येतं. घर्षण गुणांक (दोन पृष्ठभागांची पकड किती ते सांगणारा आकडा) ०.४ असेल तर गठ्ठ्याला मिळू शकणारं सगळ्यात जास्त त्वरण ०.४ × ९.८, म्हणजे जवळपास ३.९. वस्तुमान कटून गेलं, म्हणजे १० किलोचा गठ्ठा आणि ५० किलोचा गठ्ठा दोन्ही एकदमच घसरायला लागतील. "जड माल आहे, दोर कशाला" असं म्हणणाऱ्याला हे दाखवा.

११. घर्षण = गुणांक × अभिलंब बल, मग मी हळू ढकललं तरी घर्षण तेवढंच कसं? वस्तू मागं जायला पाहिजे.

म्हणूनच ते सूत्र स्थितिक घर्षणाची (वस्तू घसरायच्या आधीचं घर्षण) *कमाल मर्यादा* आहे, नेहमीची किंमत नव्हे. ५० किलोचा गठ्ठा, गुणांक ०.५, मर्यादा २४५ न्यूटन. तुम्ही १०० नं ढकललं, घर्षण १००. २०० नं ढकललं, २००. हातच लावला नाही, शून्य. २४५ च्या वर गेलं की सुटला, आणि एकदा सुटला की घर्षण बहुतेक वेळा जरा कमीच होतं, म्हणून कपाट सरकवताना पहिला धक्काच जड जातो. क्षेत्रफळाचं पण विचारतात: वीट आडवी ठेवली काय आणि उभी ठेवली काय, शाळेच्या पातळीवर घर्षण तेवढंच. रबरी टायरला हा हिशोब नीट लागू पडत नाही, रेसच्या गाड्यांचे टायर रुंद असतात त्यामागं ते एक कारण आहे.

१२. ट्रक आणि मोटरसायकलची टक्कर झाली, जास्त बल कोणावर? आणि कॅच घेताना हात मागं का घ्यायचे?

दोघांवर सारखं. ऐकायला कसंतरी वाटतं पण तिसरा नियम वशिला बघत नाही. फरक पडतो तो त्वरणात: ट्रक शंभरपट जड असेल तर त्याच्या वेगातला बदल शंभरावा हिस्सा, आणि मोटरसायकलवाल्याचा सगळा.

दुसऱ्या भागाचं उत्तर वेळेत आहे. क्रिकेटचा बॉल साधारण ०.१६ किलो, वेग ३० मीटर प्रति सेकंद, संवेग ४.८. हात ताठ ठेवून सेकंदाच्या शंभराव्या भागात थांबवला तर सरासरी बल ४८० न्यूटन, बोटं गेलीच. हात मागं नेत दहाव्या भागात थांबवला तर ४८. हेल्मेटच्या आतला फोम हेच काम करतो, वेळ वाढवतो. म्हणून सात रस्त्याच्या सिग्नलवर पोलिसाला दाखवायला हँडलला अडकवलेल्या हेल्मेटचा न्यूटनला काही उपयोग नाही.

१३. रस्सीखेचमध्ये दोन्ही बाजूंनी १००-१०० न्यूटननं ओढलं तर दोरीत ताण २०० ना? आणि तिसरा नियम असताना कोणी जिंकतं कसं?

ताण १००. दोरीचं एक टोक भिंतीला बांधून तुम्ही १०० नं ओढलंत तर भिंत पण १०० नंच ओढते, तिथं तुम्ही २०० म्हणत नाही ना? भिंतीच्या जागी माणूस आला, एवढंच. जिंकतो तो ज्याला जमीन जास्त रेटा देते, म्हणजे वजनदार आणि पायाची पकड चांगली असलेला संघ. दोरी दोघांना सारखीच ओढते, फरक पायाखाली आहे, बैलासारखाच (प्रश्न ७).

१४. एसटीनं करकचून ब्रेक मारला की आपण पुढं फेकले जातो, तुळजापूर घाटात वळणावर बाहेर फेकले जातो. हे बल कोण लावतंय?

कोणीच नाही. नाव सांगा बघू त्याचं. ब्रेक लागल्यावर गाडी हळू होते, फरशीचं घर्षण तुमच्या पायांना हळू करतं, वरचं अंग आपल्या जुन्या वेगानं चाललेलं असतं, म्हणून तोंड पुढच्या सीटवर. वळणावर तुम्ही सरळच चाललाय, एसटी तुमच्या खालून वळते, आणि शेवटी खिडकीकडची बाजू तुम्हाला *आत* रेटते. खरं बल आतल्या दिशेला, अभिकेंद्री.

मग पुस्तकातलं छद्म बल काय आहे? एसटीच्या आत बसून, एसटी स्थिर आहे असं मानून गणित करायचं असेल तर हिशोब जुळवायला ते घालावं लागतं. दोन्ही पद्धती चालतात, पण एकाच गणितात मिसळल्या की उत्तर हमखास चुकतं. बाहेर उभं राहून बघत असाल तर छद्म बल नाही, विषय संपला.

१५. गड्ड्याच्या यात्रेत मौत का कुवामध्ये गाडी उभ्या भिंतीवर फिरते, ती खाली का पडत नाही?

होम मैदानावर वर उभं राहून बघितलंय ना, फळ्या कशा थरथरतात? ती थरथर म्हणजेच उत्तर आहे. गाडीवर तीन बलं: वजन खाली, भिंतीचं अभिलंब बल आत केंद्राकडं, आणि घर्षण वर. बाहेर ढकलणारं कोणी नाही. भिंत गाडीला सारखी आत वळवत राहते, वेग जितका जास्त तितकं जास्त रेटावं लागतं, आणि भिंतीचा रेटा वाढला की घर्षणाची मर्यादा वाढते (प्रश्न ११). ती मर्यादा वजनाच्या वर गेली की गाडी टिकली.

समजा त्रिज्या ५ मीटर आणि गुणांक ०.७. कमीत कमी वेगाचा वर्ग = ५ × ९.८ ÷ ०.७ = ७०, वेग साधारण ८.४ मीटर प्रति सेकंद, ताशी ३० किमी. इथंही वस्तुमान कटलं, स्वार जाडा असो की बारीक. फक्त गाडी आतल्या बाजूला तिरकी का ठेवतात ते या गणितात येत नाही, त्याला बलाचा आघूर्ण (बलाचा फिरवणारा परिणाम) लागतो, बारावीला बघू.

१६. धावत्या हुतात्मा एक्स्प्रेसमध्ये जागेवर उडी मारली तर गाडी खालून पुढं निघून जाईल ना?

नाही, त्याच जागी पडाल. गाडी ताशी १०० किमीनं चालली असेल तर तुमचाही आडवा वेग तेवढाच, अर्ध्या सेकंदात दोघंही १४ मीटर पुढं. हवेत असताना ब्रेक लागला तर मात्र पुढं पडाल, कारण ब्रेक गाडीला लागला, तुम्हाला नाही. प्रयोग करायला डब्यात उड्या मारू नका, नाणं उडवून बघा.

१७. पहिला नियम दुसऱ्यातूनच निघतो की! बल शून्य तर त्वरण शून्य. मग वेगळा कशाला दिला?

हा प्रश्न विचारणारं पोरगं हुशार. पहिला नियम खरं तर सांगतो की दुसरा *कुठं* वापरायचा: जिथून बघितल्यावर बल नसलेली वस्तू सरळ, सारख्या वेगानं जाताना दिसते अशा चौकटीतून. ब्रेक मारणाऱ्या एसटीतून बघितलं तर बॅग कोणी न ढकलता पुढं पळते, म्हणजे ती चौकट बाद (प्रश्न १४).

१८. मग पृथ्वी पण फिरतेच की. आपण सोलापुरात बसून केलेली सगळी गणितं चुकीची का?

काटेकोर बोलायचं तर हो, थोडीशी. सोलापूर १७.७ अंश उत्तर अक्षांशाच्या आसपास आहे, पृथ्वीच्या फिरण्यामुळं आपण सगळे ताशी जवळपास १६०० किमीनं पूर्वेकडं चाललोय, आणि वेग सतत वळत असल्यामुळं त्वरण साधारण ०.०३ मीटर प्रति सेकंद वर्ग. ९.८ च्या पुढं ते टक्क्याचा तिसरा हिस्सा, म्हणून हातगाडीच्या आणि लिफ्टच्या गणितात कोणी मोजत नाही. पण लांब दोरीचा लंबक तासन्‌तास हलू दिला तर त्याची दिशा हळूहळू फिरते, फुकोनं १८५१ साली पॅरिसमध्ये लोकांना बोलावून दाखवलं होतं ते हेच. वादळं गोल फिरतात त्यातही याचा हात आहे. सिंकमधलं पाणी मात्र यामुळं फिरत नाही, ते व्हिडिओ फॉरवर्ड करायचं बंद करा.

१९. न्यूटनचे नियम कुठंच चुकत नाहीत का?

चुकतात, पण आपल्या रोजच्या कामात नाही. वेग प्रकाशाच्या जवळ गेला की आइन्स्टाइन लागतो, अणूच्या आत गेलं की क्वांटम. बुध ग्रहाची कक्षा हळूहळू फिरते, त्यातले शतकाला ४३ विकला (एक विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) न्यूटनच्या हिशोबात बसत नव्हते, ते १९१५ ला आइन्स्टाइननं बसवले. याच्या उलट १८४६ ला युरेनसची चाल चुकतेय म्हणून न्यूटनच्याच नियमांनी कागदावर हिशोब करून नेपच्यून कुठं असेल ते सांगितलं आणि दुर्बीण लावली तर तो तिथंच जवळ सापडला. नववीच्या पेपरात "न्यूटन चुकला" असं लिहायला जाऊ नका, तपासणाऱ्याला चहाच्या आधी एवढं वाचायला वेळ नसतो.